वाचकांचे प्रश्न : ईयोबाची गळवे आणि ब्लेकची कोरणी

गेल्या अंकात अहिल्यानगरच्या एका वाचकांनी पाठवलेले एका जुन्या छापचित्राचे छायाचित्र आम्ही छापले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी दोन पत्रे मूळ प्रश्नाइतकीच मोलाची वाटली, म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्या एका चित्रालाच दिले आहे.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझी आत्या पुष्कळ वर्षे इंग्लंडमध्ये परिचारिका होती. तिच्या निधनानंतर तिच्या सामानातून चौकटीत बसवलेले एक काळे-पांढरे चित्र आमच्या घरी आले. त्यात एक दाढीवाला वृद्ध जमिनीवर उताणा पडला आहे, त्याच्या अंगावर एक नग्न, पिळदार शरीराचा पुरुष उभा राहून हातातल्या कुपीतून काहीतरी ओतत आहे आणि वृद्धाच्या पायाशी एक स्त्री तोंड झाकून बसली आहे. भोवती इंग्रजी वचने कोरलेली आहेत. ही ईयोबाची गोष्ट असल्याचे आमच्या पाळकसाहेबांनी सांगितले. घरातील काही मंडळींना असे चित्र भिंतीवर असणे बरे वाटत नाही. हे कोणी आणि कशासाठी काढले? इतके क्रूर दृश्य श्रद्धाळू माणसाने घरात का लावावे? आणि ते अस्सल असेल का? (एक वाचक, अहिल्यानगर)

उत्तर : चित्राची ओळख पटायला वेळ लागला नाही. इंग्रज कवी आणि चित्रकार विल्यम ब्लेक (१७५७–१८२७) याने आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत ईयोबाच्या पुस्तकावर २१ चित्रे आणि एक शीर्षकपृष्ठ असा संच तांब्याच्या पत्र्यांवर कोरला आणि तो मार्च १८२६मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडील चित्र त्या संचातील सहावे आहे. चित्राखाली कोरलेल्या वचनाचा आशय, सैतानाने ईयोबाला तळपायापासून टाळूपर्यंत गळवांनी पीडले, असा आहे. वरच्या बाजूला मात्र ईयोबाचे त्याआधीचे उद्गार आहेत : आईच्या उदरातून मी नग्न आलो, नग्नच परत जाईन, परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले, त्याचे नाव धन्य असो. हे वर आणि ते खाली, अशा दोन वचनांच्या मध्ये त्या माणसाचे शरीर आडवे पडले आहे.

ज्यांनी बायबलमधील हे पुस्तक वाचलेले नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. ऊस नावाच्या देशात ईयोब हा सात्त्विक आणि देवभीरू गृहस्थ राहत होता. त्याला सात मुलगे आणि तीन मुली होत्या. ७००० मेंढरे, ३००० उंट, बैलांच्या ५०० जोड्या आणि ५०० गाढवी एवढी त्याची दौलत होती. सैतान परमेश्वरापुढे उभा राहून म्हणाला की, हा माणूस तुला भजतो तो काही उगीच नाही. त्याचे सारे काढून घे, म्हणजे तो तुझ्या तोंडावर तुला शाप देईल. परमेश्वराने परवानगी दिली. एका दिवसात गुरेढोरे गेली, घर कोसळून सगळी मुले गेली, तरी ईयोबाच्या तोंडून वावगा शब्द निघाला नाही. तेव्हा सैतानाने दुसरी परवानगी मागितली, ती ईयोबाच्या शरीराला हात लावण्याची. प्राण तेवढा राखायचा, ही अट होती. आपल्या चित्रातील क्षण तो हा आहे.

आता चित्र जवळून पाहू. ब्लेकच्या सैतानाला शिंगे नाहीत, शेपूट नाही, या छापचित्रात पंखसुद्धा नाहीत. तो तरुण आहे, त्याचे अवयव जुन्या ग्रीक शिल्पासारखे घोटीव आहेत आणि दोन्ही हात त्याने असे पसरले आहेत की आकाशाची सगळी रुंदी त्याच्याच मालकीची वाटावी. एका हातातून बाण सुटत आहेत, दुसऱ्या हातातील कुपीतून व्याधी ओतली जात आहे आणि पाय थेट ईयोबाच्या देहावर रोवलेले आहेत. पाठीमागे समुद्राच्या रेषेवर सूर्य मावळत आहे. (हेच दृश्य ब्लेकने १८२६च्या सुमारास लाकडी फळीवर रंगवलेही, लंडनच्या टेट संग्रहालयातील त्या चित्रात सैतानाला वटवाघळाचे असावेत तसे तांबडे पंख आहेत. मला स्वतःला बिनपंखांचा सैतान अधिक भयंकर वाटतो, कारण त्याच्यात आणि माणसात फरक करायला काहीच शिल्लक राहत नाही.) ईयोबाने मान मागे टाकली आहे. त्याच्या पायाशी गुडघे टेकून बसलेल्या पत्नीने तोंड हातांत लपवले आहे. एवढ्या मोठ्या दुःखाकडे कोणीतरी पाठ न फिरवता, पण डोळे झाकून, जवळ बसून राहिले आहे.

चित्राच्या चौकटीबाहेरील नाजूक रेषांकडेही अवश्य लक्ष द्यावे, कारण पुष्कळ लोक तेथवर पोहोचतच नाहीत. खालच्या समासात काटेरी झाड, फुटके मडके, नाकतोडा आणि बेडूक आहेत. त्या फुटक्या मडक्याला कथेत जागा आहे : राखेत बसलेला ईयोब खापरीच्या तुकड्याने आपले अंग खाजवतो, असे मूळ ग्रंथात म्हटले आहे. मधल्या चित्रात सैतानाने सगळी जागा व्यापली आहे. ती खापरी मात्र समासात, कुणाचे लक्ष नसताना, ईयोबाची वाट पाहत पडली आहे.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे वळतो. हे दृश्य एकटे पाहिले तर ते क्रूरच वाटणार, आणि घरच्या मंडळींना ते नको वाटले यात त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. परंतु ब्लेकने ते एकटे पाहण्यासाठी काढलेच नव्हते. संचातील पहिल्या चित्रात ईयोबाचे सगळे कुटुंब एका मोठ्या झाडाखाली प्रार्थनेला बसले आहे. पतिपत्नींच्या मांडीवर ग्रंथ उघडे आहेत, मेंढरे निजली आहेत आणि वाद्ये झाडाच्या फांद्यांवर टांगून ठेवलेली आहेत, त्यांना कोणी हात लावलेला नाही. खाली वेदीच्या आकृतीवर पौलाच्या पत्रातील वचन कोरले आहे, ज्याचा अर्थ असा की अक्षर मारते आणि आत्मा जीवन देतो. शेवटच्या, म्हणजे एकविसाव्या चित्रात तेच झाड आहे, तीच मेंढरे आहेत, परंतु ग्रंथ दिसत नाहीत. सगळे उठून उभे राहिले आहेत आणि टांगलेली वाद्ये खाली काढून वाजवत आहेत. ब्लेकच्या मते सुखाच्या दिवसांतील ईयोब पापी नव्हता, पण त्याची भक्ती पोथीतली होती, ठरलेल्या नियमांची होती. दुःखाने ती पोथी त्याच्या हातून काढून घेतली. सहावे चित्र या दोन झाडांच्या मधल्या वाटेवरचे आहे.

याचा पुरावा चित्रांतच आहे, आणि तो चेहऱ्यांत आहे. ब्लेकने स्वर्गात बसलेल्या परमेश्वराला आणि जमिनीवरच्या ईयोबाला एकच चेहरा दिला : तेच कपाळ, तीच लांब दाढी, तेच डोळे. ईयोब ज्याला भजत होता तो देव त्याने स्वतःच्याच रूपाचा कल्पिला होता, असे ब्लेकला सुचवायचे आहे, हे बहुतेक अभ्यासकांनी मान्य केले आहे. ही गोष्ट अकराव्या चित्रात फार धीटपणे पुढे येते. अंथरुणावर पडलेल्या ईयोबाच्या अंगावर, त्याच्या दुःस्वप्नात, तोच देव ओणवा झाला आहे. त्याला सापाने वेढले आहे, एका हाताने तो नियमांच्या शिलापाट्यांकडे बोट दाखवतो आहे, खालून राक्षसांचे हात ईयोबाला ओढत आहेत आणि देवाच्या एका पायाला खूर आहे. शिक्षा मोजून देणारा देव हा सैतानाचेच एक रूप असतो, हे त्या एका खुराने सांगितले आहे. ही कल्पना पटो न पटो, त्या काळी ती तांब्यावर कोरून वर आपले नाव घालायला मोठी हिंमत लागली असली पाहिजे.

आणि माझे वैयक्तिक मत विचाराल तर या मालिकेतील सर्वांत कठोर चित्र आपल्याकडचे नाहीच. ते दहावे आहे. त्यात सैतान नाही, वीज नाही, वादळ नाही. समाचाराला आलेले तीन मित्र गुडघ्यांवर बसून ईयोबाकडे ताठ हातांनी बोटे रोखत आहेत, एवढेच. गळवांपेक्षा ती बोटे अधिक खोल रुततात, हे ज्याच्या घरी आजारपणात 'तुमचेच काहीतरी चुकले असेल' असे सांगणारे येऊन गेले आहेत त्याला वेगळे सांगायला नको.

म्हणून माझी आपल्याला विनंती अशी की चित्र काढून टाकू नका आणि एकटेही लावू नका. पहिल्या आणि एकविसाव्या चित्राच्या चांगल्या छापील प्रती सहज मिळतील. त्या दोहोंच्या मध्ये आपल्या आत्यांचे चित्र लावावे. मग ते पाहणाऱ्याला त्याचा आधी आणि नंतर दोन्ही कळतील. अस्सलपणाच्या प्रश्नाचे उत्तर पुढील पत्राच्या उत्तरात आले आहे.

प्रश्न : मी कला महाविद्यालयात छापचित्रकला शिकतो. आम्ही वर्गात अॅसिड वापरून एचिंग करतो. गेल्या अंकातील ब्लेकचे चित्र मला काहीसे कोरडे आणि जुनाट वाटले. छायाप्रकाशाचे मऊ परिणाम साधणारी तंत्रे त्या काळी इंग्लंडमध्ये होती, मग त्याने इतकी कष्टाची पद्धत का स्वीकारली? तसेच असे चित्र मूळ छाप आहे की नंतरची नक्कल, हे कसे ओळखावे? (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : 'जुनाट' हा आपला शब्द मी तक्रार म्हणून न घेता अचूक निरीक्षण म्हणून घेतो, कारण ब्लेकने ही पद्धत जुनी आहे म्हणूनच निवडली होती.

आहेराच्या भांड्यावर नाव घालताना आपण पाहिले असेल. कारागीर छिन्नीवर हातोडीचे बारीक ठोके देत जातो आणि टिंबाटिंबांतून अक्षर उमटते. बुरिन नावाच्या कोरणीचे काम त्याहून वेगळे असते : तिची लाकडी मूठ तळहाताच्या खळग्यात बसते, पोलादी टोक पत्र्यावर जवळजवळ आडवे धरले जाते आणि तळहाताच्या जोराने ते पुढे ढकलावे लागते. टोकापुढून तांब्याचा केसासारखा कीस वळत वर येतो आणि मागे इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची खाच राहते. रेषा वळवायची असेल तर हात वळवत नाहीत. पत्रा चामड्याच्या उशीवर ठेवून तो फिरवतात. जोर वाढवला की खाच खोल आणि रुंद होते, कमी केला की ती निमुळती होत नाहीशी होते. अॅसिडने खाल्लेल्या रेषेला हा चढउतार नसतो. ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्याच जाडीची असते. ईयोबाच्या छातीवरच्या आणि सैतानाच्या मांडीवरच्या रेषा भिंगातून पाहिल्यात तर प्रत्येक रेषा फुगते आणि विरते असे दिसेल. कोरडेपणा आपल्याला जेथे जाणवला तेथे खरे तर एका म्हाताऱ्या माणसाच्या तळहाताचा दाब नोंदला गेला आहे.

ब्लेक १७७२मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, जेम्स बझायर या खोदकाम करणाऱ्या कारागिराकडे सात वर्षांच्या उमेदवारीवर राहिला होता. त्या वेळीच बझायरची पद्धत लंडनमध्ये मागे पडू लागली होती, कारण बाजाराला मऊ छटा हव्या होत्या. आधी अॅसिडने रेखाटन करून मग कोरणीने सजवायचे, टिंबांनी गाल रंगवायचे किंवा मेझोटिंटने सगळा पत्रा खरवडून काळोखातून उजेड काढायचा, अशी कामे लवकर होत आणि खपत. ईयोबाचा संच निघाला त्याच १८२६ साली जॉन मार्टिन या चित्रकाराचे 'बेलशस्सराची मेजवानी' हे बायबलमधील दृश्य मोठ्या मेझोटिंटमध्ये निघाले. त्यात प्रचंड प्रासाद, हजारोंचा जमाव आणि भिंतीवरचा दैवी लखलखाट आहे. मार्टिनची लोकप्रियता मला समजते. पण त्याच्या चित्रात दुःख दुरून, गर्दीत, देखाव्यासारखे दिसते, आणि ब्लेकच्या पानावर ते हाताच्या अंतरावर येते. ईयोबाच्या चित्रांचे पत्रे सुमारे २२ सेंटिमीटर उंच आणि १७ सेंटिमीटर रुंद, म्हणजे शाळेच्या वहीएवढे आहेत. ते हातात धरून पाहायचे असतात.

आयुष्यभर ब्लेकने पोटासाठी इतरांच्या चित्रांचे खोदकाम केले होते आणि त्यासाठी मिश्र पद्धतही वापरली होती. ईयोबाची मूळ चित्रे त्याने १८०५–०६च्या सुमारास थॉमस बट्स या सरकारी कारकुनासाठी जलरंगात केली होती. ती आज न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहेत. १८२१मध्ये जॉन लिनेल या तरुण चित्रकाराने त्यांची बाह्यरेषा स्वतः गिरवून घेतली आणि ब्लेकने त्यावरून दुसरा संच पूर्ण केला. तोवर ब्लेकची आर्थिक स्थिती इतकी खालावली होती की १८२२मध्ये रॉयल अकॅडमीने त्याला २५ पौंडांची मदत दिली. लिनेलने दानापेक्षा काम देणे पसंत केले. २५ मार्च १८२३ रोजी दोघांत लेखी करार झाला : तांब्याचे पत्रे आणि त्यांचे हक्क यांसाठी १०० पौंड आणि नफा झाल्यास आणखी १००. नफा झाला नाही. तरीही लिनेलने ठरलेल्यापेक्षा अधिक, एकूण सुमारे १५० पौंड दिले. ज्याच्या विश्वासामुळे ही चित्रे अस्तित्वात आली त्या माणसाविषयी कलेच्या इतिहासात पुरेशा आदराने लिहिले जात नाही, ही माझी जुनी खंत आहे. त्याने केवळ पैसे दिले नाहीत. तो स्वतः खोदकाम जाणणारा होता आणि त्याने ड्यूरर व मार्कान्तोनियो यांच्यासारख्या जुन्या युरोपीय कारागिरांचे ठसे ब्लेकपुढे ठेवले. पासष्टी ओलांडलेल्या ब्लेकने ते पाहून आपले हात पुन्हा उमेदवारीत घातले आणि समासाच्या आतली सगळी मुख्य चित्रे अॅसिडची मदत न घेता निव्वळ कोरणीने कोरली. समासातील वेली, किडे आणि वचने त्याने सर्वांत शेवटी हलक्या हाताने घातली. ती अक्षरे ठशात सुलटी यावीत म्हणून पत्र्यावर उलटी कोरावी लागतात, आणि त्या कलेत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

हे सारे काम त्याने एका दमात, दैवी प्रेरणेने केले असेल अशी कल्पना पुष्कळ दिवस रूढ होती. ईयोबाचे मूळ पत्रे ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत आणि त्यांच्या पाठीवर ठोकल्याच्या खुणा आहेत. चुकलेली रेषा खरवडून काढली की पत्र्यात खड्डा पडतो. तो भरण्यासाठी पत्रा उलटा करून मागून ठोकतात, पुढची बाजू सपाट करतात आणि मग पुन्हा कोरतात. अशा खुणा एकदोन नाहीत, विपुल आहेत. विद्यार्थ्याला यापेक्षा मोठा दिलासा कोणता हवा? ब्लेकसारखा माणूससुद्धा चुकत होता, उलटे ठोकत होता आणि पुन्हा कोरायला बसत होता, तेही स्ट्रँड भागातल्या फाउंटन कोर्टमधील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात, ज्याच्या खिडकीतून इमारतींच्या फटीतून थेम्स नदीची एक पट्टी तेवढी दिसत असे.

आता अस्सल-नकलेविषयी. पहिली छपाई ३१५ संचांची होती. त्यांपैकी १५० पातळ इंडिया कागदावर आणि ६५ फ्रेंच कागदावर छापले गेले. या २१५ संचांच्या ठशांवर खालच्या कोपऱ्यात 'प्रूफ' हा शब्द कोरलेला असतो. त्यानंतर तो शब्द पत्र्यांवरून काढून टाकून आणखी १०० संच व्हॉटमन कंपनीच्या जाड चित्रकागदावर काढले गेले. १८७४मध्ये त्याच पत्र्यांवरून पुन्हा १०० संच इंडिया कागदावर निघाले. ते मूळ पत्र्यांचेच असले तरी ब्लेकच्या मृत्यूनंतरचे आहेत आणि त्यांवर 'प्रूफ' शब्द नाही. या सर्वांखेरीज एकोणिसाव्या शतकापासून आजतागायत यांत्रिक प्रतिकृती निघत आल्या आहेत आणि घरोघरी आढळणारी चित्रे बहुधा त्यांतलीच असतात.

घरच्या घरी करण्याजोगी परीक्षा अशी. चित्राभोवती कागदात दबलेला चौकोन आहे का, ते तिरप्या उजेडात पाहावे. छापताना ओलसर कागदावर पत्र्याच्या कडा रुतून तो उमटतो. दहापट भिंगातून काळी रेषा पाहावी. तिच्यात सारख्या अंतरावरचे बारीक ठिपके दिसले तर ती आधुनिक छपाई आहे, शाई सलग आणि कागदावर किंचित उठलेली दिसली तर पुढे चौकशी करण्यात अर्थ आहे. मात्र अहिल्यानगरच्या वाचकांना आग्रहाने सांगतो की, यासाठी चौकट स्वतः उघडू नये. जुन्या चौकटीत कागद पाठीमागच्या पुठ्ठ्याला चिकटलेला असू शकतो आणि ओढताना फाटतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या जतनाचे केंद्र आहे. कागदाची जाण असलेल्या तज्ज्ञांकडूनच हे काम करून घ्यावे. तोवर चित्र उन्हात व ओल धरणाऱ्या भिंतीवर ठेवू नये आणि फाटलेल्या जागी चिकटपट्टी मुळीच लावू नये. तिचा पिवळा डाग कागदाच्या आतवर जातो.

प्रश्न : ईयोबाची कथा वाचताना राजा हरिश्चंद्राची आठवण झाली. दोन्हीकडे सज्जन माणसाची परीक्षा आहे, सर्वस्व जाणे आहे आणि शेवटी सगळे परत मिळणेही आहे. पण हरिश्चंद्राबरोबर तारामतीने सगळे सोसले. ईयोबाची बायको मात्र 'देवाला शाप दे आणि मरून जा' असे नवऱ्याला सांगते, असे मी वाचले. मग चित्रात ती इतकी दुःखी का दाखवली आहे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपल्या तुलनेतील साम्य खरे आहे, परंतु एक भेद मला फार महत्त्वाचा वाटतो. हरिश्चंद्र दिलेल्या शब्दाला जागतो आणि मुकाट्याने सोसतो. ईयोब मुकाट्याने सोसत नाही. सुरुवातीची दोन प्रकरणे संपली की तो आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, मित्रांची समजूत धुडकावतो आणि पुढे कितीतरी प्रकरणे देवाला जाब विचारत राहतो : माझा अपराध कोणता ते सांग. या बाबतीत आपल्या मराठी मनाला हरिश्चंद्रापेक्षा तुकोबा अधिक जवळचे वाटतील. दुष्काळात घरची माणसे गेलेली, संसाराची धूळधाण झालेली, आणि तरीही विठ्ठलाशी हक्काने भांडणारा तो आवाज आणि राखेत बसलेल्या ईयोबाचा आवाज यांच्यात काळाचे व देशांचे मोठे अंतर आहे, पण भांडण्याचा अधिकार दोघांनीही भक्तीतूनच मिळवला आहे.

आता पत्नीविषयी. आपण वाचलेले वाक्य मूळ ग्रंथात आहे, दुसऱ्या प्रकरणात. तिच्या वाट्याला आलेला संवाद तेवढाच. त्यानंतर ईयोबाच्या बोलण्यात ओझरता उल्लेख येतो आणि शेवटी जेव्हा त्याला दुप्पट गुरेढोरे, पुन्हा सात मुलगे आणि तीन मुली मिळतात, तेव्हा तिचे नावही निघत नाही. त्या दहा मुलांची आई तीही होती, हे ग्रंथ एकदाही म्हणत नाही. त्या एका वाक्यावरून शतकानुशतके धर्मोपदेशकांनी तिला सैतानाची साथीदार ठरवले आणि चित्रकारांनी तिला नवऱ्यावर ओरडणारी कजाग बाई म्हणून रंगवले.

ब्लेकने ते वाक्य घेतलेच नाही. २१ चित्रांत कोठेही ती नवऱ्याला शाप द्यायला सांगत नाही, आणि मोजकी चित्रे सोडली तर ती सर्वत्र आहे. पाचव्या चित्रात ईयोब भिकाऱ्याला भाकरी देतो तेव्हा ती शेजारी आहे. सहाव्यात ती पायाशी आहे. दहाव्यात मित्र बोटे रोखतात तेव्हा ती ईयोबाच्या बाजूला आहे, मित्रांच्या बाजूला नाही. तेराव्या चित्रात वावटळीतून परमेश्वर प्रकट होतो, तेव्हा मित्र भीतीने जमिनीला डोके टेकतात आणि ईयोबाबरोबर ती मान वर करून त्याच्याकडे पाहते. मूळ ग्रंथात हे दर्शन एकट्या ईयोबाला आहे; ब्लेकने ते दोघांना दिले. सतराव्यात परमेश्वर आशीर्वाद देतो तोही गुडघे टेकलेल्या दोघांना.

ब्लेकला हे कोठून सुचले, याचे एक उत्तर त्याच्या घरात शोधण्याचा मोह अनेकांना झाला आहे, आणि मलाही होतो. त्याचा विवाह १७८२मध्ये कॅथरिन हिच्याशी झाला. विवाहनोंदीत सहीच्या जागी तिने फुली केली होती, एवढी ती निरक्षर होती. पुढे ती लिहायला-वाचायला शिकली, छापखान्याचे यंत्र चालवायला शिकली, त्याच्या ठशांना रंग देऊ लागली. त्यांना मूलबाळ नव्हते. ईयोबाच्या पत्र्यांचे काम चालू होते तेव्हा त्यांच्या संसाराला चाळीस वर्षे होऊन गेली होती आणि त्यांतली बरीचशी वर्षे ओढगस्तीची होती. ब्लेक १२ ऑगस्ट १८२७ रोजी वारला. ती १८३१पर्यंत जगली आणि त्याची चित्रे विकून दिवस काढत राहिली. ईयोबाच्या पत्नीचा चेहरा म्हणजे कॅथरिनचाच चेहरा, असे मी म्हणणार नाही. पण दुःखाच्या काळात शेजारी बसून राहणाऱ्या बाईचे बसणे कसे असते, हे या माणसाने रोज पाहिले होते.

अठराव्या चित्राचा खालचा समास या निमित्ताने जरूर पाहावा. वर मध्यभागी ईयोब वेदीपुढे हात पसरून, ज्या मित्रांनी बोटे रोखली त्यांच्यासाठीच प्रार्थना करत उभा आहे आणि त्याची पत्नी जवळ गुडघे टेकून आहे. समासात शत्रूंवर प्रीती करा, हे येशूचे वचन कोरले आहे आणि त्याच्याबरोबर ब्लेकने आपली स्वतःची हत्यारे ठेवली आहेत : रंगांची पाटी, कुंचले आणि कोरणी.